मागची बाजू

बिलावर अठरा ओळी होत्या.
इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर,
वायपरच्या पाण्यात साबण,
डॅशबोर्डला चकाकी,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : ब्रेक ठीक.

मी विचारलं, कुठले?
अंबडच्या त्या काचेच्या ऑफिसात एसी असा
की चहावर आल्या आल्या साय धरली.
टाय घातलेला मुलगा, खिशावर नाव : प्रणिल.
म्हणाला, पुढचे, मॅडम. डिस्क दिसते ना चाकातून.
मागे ड्रम असतो. बंद डबा.
उघडायचा तर मजुरी वेगळी.
चार्टमध्ये नाही, तक्रार आली तरच.

डब्याने तक्रार करायची कशी,
हे विचारायचं राहिलं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी छापील कागद तपासले.
एक बाजू बघायची, उलटायचा, दुसरी बघायची.
डोळे चुरचुरले तरी उलटायचा.
पुढे पुढे डब्यातली पोळीही उलटून बघायचे,
मैत्रिणी हसायच्या.

त्याच रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याला
उतारावर गाडी लावली. हँडब्रेक ओढला,
कर्र कर्र, नऊ दाते, पार वरपर्यंत.
वन्सं पेरूची पिशवी घेऊन उतरल्या,
मी चप्पल शोधत होते,
आणि गाडी निघाली.
जोरात नाही. एखादी म्हातारी
कुणाला न सांगता देवळात निघावी तशी.
एक हात. दोन हात.

उसाच्या गाड्यावरचा माणूस
हातातलं कांडं न सोडता आला,
पायानेच एक दगड चाकाखाली सरकवला,
परत जाऊन रस काढायला लागला.
रसाचे साठ घेतले. दगडाचे म्हणाला, असू द्या,
लागेल.

सोमवारी वडाळा नाक्यावर, सत्तार मिस्त्री.
चाक काढलं. ड्रमभोवती हातोडीचे ठोके,
गोल फिरत, वैद्य पाठ वाजवून बघतो तसे.
सुटेना. गंजाने हब धरून ठेवलेला.
मग दोन भोकांत दोन बोल्ट पिळले, आळीपाळीने,
आणि टक्क करून तो निघाला.

आत काळी भुकटी, चमचाभर नाही, वाटीभर.
मी वाकले तशी हात आडवा धरला :
लांब, बाई. हे फुंकायचं नसतं.
अब्बांची छाती यानंच गेली.
ओलं फडकं घेऊन त्यानं
बाळाचं तोंड पुसावं तसं पुसलं.

उजवीकडचा शू घासून काचेसारखा.
डावीकडे सिलिंडरच्या रबराखाली ओल,
बोट लावून त्यानं मला दाखवलं.
ॲडजस्टरची चाकी जागच्या जागी थिजलेली.
सहा वर्षं, सात सर्व्हिसिंग,
सात वेळा ठीक.

मग दर सर्व्हिसिंगला हे करायलाच हवं ना?
मला हो ऐकायचं होतं, भांडायला जायचं होतं.
तो म्हणाला, नाही.
खोटं कशाला बोलू? मागचा ब्रेक
कमी खातो, सावकाश झिजतो.
पण दोन वर्षांत एकदा, वीसेक हजारांत एकदा,
कुणीतरी झाकण काढून बघावं.
आणि बघितलं नसेल
तर ठीक लिहू नये.

पॉलिश पेपर, ग्रीसचे सहा ठिपके,
नवा सिलिंडर, नवे शू.
बिल त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलं.
डिकी बंद करताना विचारलं, हा दगड टाकून देऊ?
राहू दे म्हटलं.

घरी येताना पुलाच्या चढावर
मुद्दाम थांबले.
चार दाते. पाय उचलला.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न,
खिडकीतून डोकं काढून, ओ मावशी, झालं काय?
काही नाही रे,
बघतेय.